मायलोमाच्या स्टेम सेल न गोठवता चार अंशांवर ठेवणं: सांगली-मिरजेला झेपेल का?

कृष्णाकाठ: मल्टिपल मायलोमात (मज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) रुग्णाच्या स्वतःच्या, रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेल काढून पिशवी रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांवर ठेवायची, मेल्फालान (कर्करोगाचं औषध, मज्जाही मारतं) द्यायचं आणि 24 तासांनी पेशी परत चढवायच्या. द्रव नायट्रोजन नको, डीएमएसओ (गोठवताना पेशी वाचवणारं द्रव्य) नको. भारतातली बरीच केंद्रं असंच करतात. मेल्फालानचं अर्धायुष्य तास-दीड तासाचं, म्हणून दुसऱ्या दिवशी ते नव्या पेशींना त्रास देण्याइतकं रक्तात उरत नाही. सोमवारी काढणी, मंगळवारी औषध, बुधवारी पेशी. माझं मत: आपल्या भागात हीच पद्धत धरावी. गोठवणीच्या यंत्रात पैसा अडकवून काय मिळणार?

उणे१९६: सवड मिळते, कृष्णाकाठ. दर चौरस मीटरला 200 मिलिग्रॅम मेल्फालान गेलं की ती पिशवी हाच रुग्णाचा आधार. सोमवारी पेशी कमी निघाल्या तर मंगळवारी पुन्हा काढणी, आणि पहिली पिशवी बुधवारऐवजी गुरुवारी, म्हणजे फ्रिजच्या 72 तासांच्या मर्यादेच्या काठावर. त्यात रुग्णाला ताप आला तर? गोठवलेली पिशवी महिनाभर थांबते, तुमची थांबणार नाही.

कृष्णाकाठ: म्हणून तर क्रम पाळायचा. सीडी३४ची (स्टेम सेलवरची खूण) मोजणी हातात आल्याशिवाय मेल्फालानची बाटली उघडायचीच नाही. किलोमागे किमान 20 लाख, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 12 कोटी. 50 लाखांच्या हिशोबाने 30 कोटी मिळाल्या तर उत्तम. आणि वितळवताना तुमच्याही पेशी मरतातच की. डीएमएसओमुळे होणारी मळमळ आणि रक्तदाबाचे चढउतार वेगळेच.

पेशीमोजणी: दोघेही तासच मोजताय. पिशवी बिघडते ती बहुतेकदा दाटीमुळे. अफेरेसिसच्या (यंत्राने रक्तातून पेशी वेगळ्या काढण्याच्या) मालात पांढऱ्या पेशी मिलिलिटरला 20 कोटींच्या वर सहज जातात. एवढ्या पेशी ग्लुकोज संपवतात, लॅक्टिक आम्ल साठतं, पीएच घसरतो. रात्रभर ठेवायचं असेल तर त्याच रुग्णाचा प्लाझ्मा घालून संख्या 20 कोटींखाली आणा; त्यासाठी काढणीच्या वेळीच प्लाझ्माची वेगळी पिशवी घ्यायला विसरू नका. एसीडी-ए (रक्ताची गुठळी होऊ न देणारं द्रव्य) कमी पडलं तर प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि पेशी त्यात अडकून जातात.

दुसरं, तपासणी काढणीनंतर लगेच करून समाधान मानू नका. थंडीत पेशीच्या पडद्यावरचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो, सोडियम आणि पाणी आत शिरतं, पेशी फुगते. शिवाय काही पेशी मरायला घेतलेल्या असतात, पण त्या दिवशी जिवंतच दिसतात. चढवण्याआधी सेव्हन-एएडीने (मेलेल्या पेशींना लागणारा रंग) सीडी३४ पेशींचीच जिवंतता पुन्हा बघा. नुसत्या ट्रायपॅन ब्लू रंगावर सगळ्या पेशींचा एकत्र आकडा येतो, हव्या त्या पेशींचा नाही.

नवखा_मिरज: प्लेटलेटसारखं 22 अंशांवर हलवत ठेवलं तर नाही का चालणार? थंडीचा मारच नको.

पेशीमोजणी: नाही. प्लेटलेटला थंडी सोसत नाही, या पेशींना सोसते. 22 अंशांवर त्यांचं खाणं जोरात चालू राहतं, पीएच आणखी लवकर पडतो. नमुना घेण्याआधी पिशवी हाताने अलगद खालीवर करा, तेवढी हालचाल पुरे.

घाटरस्ता: काढणी मिरजेत आणि प्रत्यारोपण पुण्यात असेल तर पेठ नाका, सातारा, खंबाटकी असा पाच तासांचा रस्ता धरा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत पिशवी ठेवणाऱ्याला नमस्कार! सगळ्यात मोठी चूक म्हणजे उणे 20 वरचा जेलपॅक थेट पिशवीला टेकवणं. डीएमएसओ नसलेल्या पिशवीत बर्फाचे स्फटिक झाले की पेशी फुटतात. 5 अंशांना वितळणारे पॅक वापरा, खोका आदल्या रात्री गार करून ठेवा, पिशवी दुहेरी पाकिटात आडवी, सोबत शोषक कागद. तापमापक नोंदयंत्राचा प्रोब पिशवीला लागून, खोक्याच्या भिंतीला नाही. वर ठळक लिहा: 'किरणोत्सर्ग देऊ नये'. रक्ताची पिशवी समजून कुणी इरॅडिएटरमध्ये टाकली तर संपलंच.

उणे१९६: ड्राय शिपरला (गोठवलेल्या पिशव्या नेण्याचं, द्रव नायट्रोजन शोषून घेतलेलं भांडं) यातलं काहीच लागत नाही. नीट भरलेला असेल तर उणे 150च्या खाली कित्येक दिवस राहतो.

घाटरस्ता: उभा राहिला तर. आडवा पडला की नायट्रोजन झपाट्याने उडतो. निघताना आणि पोचल्यावर वजन करा, किती उडाला ते तिथेच कळेल.

उणे१९६: मान्य. पण लिम्फोमाचं (लसिका ग्रंथींचा कर्करोग) काय? त्यातल्या बीम या चार औषधांच्या पद्धतीत औषधंच सहा दिवस चालतात. 72 तासांच्या फ्रिजमध्ये हे बसत नाही, म्हणजे गोठवणी हवीच.

कृष्णाकाठ: लिम्फोमाला हवीच, त्यावर वाद नाही. तो रुग्ण पुण्याला पाठवा. पण त्याच्यासाठी लागणाऱ्या नायट्रोजनच्या टाकीचा खर्च मायलोमाच्या रुग्णाच्या बिलात का?

उणे१९६: कारण मायलोमात काही वर्षांनी रोग उलटला की दुसरं प्रत्यारोपण करायची वेळ येऊ शकते. तेव्हा जादा काढून गोठवलेली पिशवी असेल तर बरं. उपचार घेऊन थकलेल्या मज्जेतून पुन्हा पुरेशा पेशी निघतीलच असं नाही.

कृष्णाकाठ: हा मुद्दा खरा आहे. मग 30 कोटींच्या वर निघालेला भाग तेवढा गोठवायला पाठवावा, बाकीचा फ्रिजमध्ये. सगळंच गोठवायचं कारण अजूनही दिसत नाही.