चौघांची खिचडी, दोन मुक्काम: कोणता बर्नर, कोणतं पातेलं?

रानजाई

नमस्कार मंडळी. डिसेंबरअखेर आम्ही चौघं रतनवाडीतून रतनगड, कात्राबाई खिंड, कुमशेत, पाचनई करत हरिश्चंद्रगडावर जाणार आहोत. दोन मुक्काम. पुण्याहून स्वतःच्या गाडीने जातोय, ड्रायव्हर गाडी पाचनईला आणून लावेल. रात्री मुगाची खिचडी, सकाळी उपमा आणि दोन वेळचा चहा एवढं आपणच करायचं. गरम पाणी ओतून खायची पाकिटं नको आहेत.

स्टोव्हचे तीन प्रकार पाहिले. पहिला गॅसच्या डब्यावरच फिरवून बसवायचा, मुठीत मावणारा. दुसऱ्यात बर्नर जमिनीवर तीन पायांवर आणि डबा नळीने बाजूला. तिसरा खोक्यातला, लांब डबा आडवा घालायचा. भांड्यांत घरचं अडीच लिटरचं स्टीलचं पातेलं आहे. दुकानात टायटॅनियमचा ९०० मिलिचा मग आणि हार्ड अ‍ॅनोडाइज्ड (वर कडक थर चढवलेल्या) अ‍ॅल्युमिनियमचा ३ लिटरचा टोप पाहिला. काय घ्यावं, आणि गॅस किती लागेल?

सांडशी

आधी भांडं ठरवा, स्टोव्ह त्यानंतर. बहुतेक जण उलटं करतात आणि मग इवल्याशा बर्नरवर मोठं पातेलं डुगडुगत राहतं.

चौघांच्या खिचडीचं माप धरू. माणशी ७५ ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम मूगडाळ, म्हणजे एकूण साधारण ४६० ग्रॅम. मऊ खिचडीला याच्या साडेतीनपट पाणी, वजनाने नाही तर वाटीच्या मापाने, म्हणजे पावणेदोन ते दोन लिटर. शिवाय वर फेस येतो, त्याला जागा हवी. अडीच लिटरचं पातेलं उतू जाईल, आणि उतू गेलेलं पाणी बर्नरच्या भोकांत शिरलं की ज्योत एका बाजूने विझते. म्हणून ३ लिटरचा टोप, बुडाचा व्यास १८ ते २० सेंटिमीटर. उंच आणि अरुंद नको, पसरट बघा. पसरट बुडाखाली ज्योत पूर्ण मावते, अरुंद भांड्याच्या कडेने ती वर निघून जाते आणि तेवढा गॅस वाया.

धातूचं म्हणाल तर टायटॅनियम हे पाणी उकळायचं भांडं आहे. हलकं आणि मजबूत असतं, गंजत नाही, पण उष्णता पसरवत नाही. अ‍ॅल्युमिनियम त्याच्या दहापट चांगलं वाहक आहे. टायटॅनियमचा पत्रा पातळ असतो, त्यामुळे ज्योतीच्या बरोबर वर चार बोटांचा गोल तापतो आणि खिचडी तिथेच करपते, तर कडेचा तांदूळ कच्चा. एकट्याने चहा-सूप करणाऱ्याला ९०० मिलिचा मग उत्तम. तुमच्या कामाला नाही.

स्टेनलेस स्टीलही वाहक म्हणून टायटॅनियमइतकंच मंद, वर वजनाला जड. घरी चालतं कारण शेगडीची ज्योत रुंद असते आणि बूड जाड. एक गुण मात्र त्याचाच: करपलं तर माती-राखेने खसाखस घासता येतं.

हार्ड अ‍ॅनोडाइज्ड टोप घ्या. साध्या अ‍ॅल्युमिनियमला कोकम, चिंच किंवा टोमॅटो लागला की धातू विरघळतो, भांडं काळं पडतं, चव बिघडते. अ‍ॅनोडाइज्ड थर शाबूत असेपर्यंत ही अडचण येत नाही. पैसे वाचवायचे असतील तर बाजारात किलोवर मिळणारं हिंदालियमचं (अ‍ॅल्युमिनियमच्याच मिश्रधातूचं) जाडसर पातेलंही चालेल. फक्त आमटी-सार त्यात करू नका, आणि केलंच तर तसंच ठेवू नका.

झाकण घट्ट बसणारं हवं. कान असलेलं पातेलं असेल तर सांडशी न विसरता. घडीचं हँडल असेल तर ते ज्योतीच्या बाहेर राहतं का ते दुकानातच बर्नरवर ठेवून बघा. त्यावरचं रबर वितळलं की मूठ धरण्याजोगी राहत नाही.

निळी_ज्योत

सांडशी यांच्याशी सहमत. ३ लिटरचा टोप म्हटला की स्टोव्ह आपोआप ठरतो: नळीवाला.

कारण हे. भरलेला टोप अडीच-तीन किलोचा. डब्यावर बसणाऱ्या बर्नरमध्ये डबा, त्यावर बर्नर, त्यावर टोप असा मनोरा होतो. गुहेसमोरच्या उंचसखल कातळावर खिचडी ढवळताना तो कलंडतो. डब्याखाली लावायचा प्लास्टिकचा तिपाई पाया मिळतो, त्याने बूड रुंदावतं, उंची तीच राहते.

दुसरं कारण वारा. डब्यावरच्या बर्नरला चहूबाजूंनी आडोसा करता येत नाही. आडोशात कोंडलेली उष्णता आणि २० सेंटिमीटर बुडावरून खाली परतणारी धग दोन्ही डब्यावर जातात. डबा ५० अंशांच्या वर तापू द्यायचा नाही, ही सूचना त्याच्यावरच छापलेली असते. दर दोन मिनिटांनी डब्याला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर लगेच बंद. अशा बर्नरला आडोसा तीनच बाजूंनी, वीतभर अंतर राखून. नळीवाल्याला मात्र घडीचा अ‍ॅल्युमिनियमचा आडोसा पूर्ण गोल लावता येतो, फक्त खालून दोन बोटं फट ठेवा, हवा लागते. डबा आडोशाच्या बाहेर, नळी न पिळता.

गॅसचा हिशेब: १ लिटर पाणी २० अंशांवरून उकळायला साधारण ३३५ किलोज्यूल लागतात. सगळी उष्णता पाण्यात गेली तर सव्वासात ग्रॅम ब्युटेन पुरेल. प्रत्यक्षात निम्मी जाते, म्हणून झाकण लावून, वारा अडवून १४-१५ ग्रॅम धरा. उघड्यावर वाऱ्यात हाच आकडा दुप्पट होतो, कधी आधणच येत नाही.

तुमच्यासाठी एका मुक्कामाचं: दोन वेळचा चहा मिळून दीड लिटर, २२ ग्रॅम. खिचडीचं आधण २८ आणि मंद आचेवर वीस मिनिटं आणखी १८. उपमा २५. म्हणजे ९५ च्या आसपास. त्यावर निम्मं वाऱ्यासाठी धरा, दीडशेच्या आत बसतं. दोन मुक्कामांना २३० ग्रॅमचे दोन डबे. ४५० चा एकच घेऊ नका, त्याची झडप बिघडली तर सगळंच अडेल.

खोक्यातला स्टोव्ह गाडीजवळच्या मुक्कामाला सगळ्यात सोयीचा. ज्योत रुंद, बैठक बुटकी, आच बारीक करता येते. पण दीड-दोन किलोचं खोकं कात्राबाई खिंडीतून वाहायचं नाही. आणि त्याच्यावर मोठा तवा ठेवू नका: डब्याच्या कप्प्यावर तव्याची कड आली की तिथली धग वाढते.

रानजाई

दोघांचे आभार, नळीवाला आणि ३ लिटरचा टोप पक्का. दोन शंका उरल्या. लांब डबे बरेच स्वस्त आहेत आणि ते फिरवायच्या बर्नरला जोडायचा अडॅप्टर मिळतो असं ऐकलं. वापरावा का? आणि छोटा प्रेशर कुकर नेला तर गॅस वाचेल ना?

निळी_ज्योत

अडॅप्टर वापरता येतो, पण दोन गोष्टी सांभाळा.

लांब डब्याच्या तोंडाच्या कडेला एक खाच असते. डबा आडवा ठेवताना ती खाच वर हवी. आतली बारीक नळी तेव्हा वर वळलेली असते आणि वायू ओढते. खाच खाली गेली तर द्रव ब्युटेन बर्नरमध्ये येतं आणि हातभर पिवळी ज्योत उसळते. अडॅप्टर फिरवताना डबाही थोडा फिरतो, म्हणून जोडून झाल्यावर खाच पुन्हा बघा, दोन्ही बाजूंनी दगड लावा.

दुसरं, थंडी. लांब डब्यात बहुधा नुसतं ब्युटेन असतं. ते उणे अर्ध्या अंशाला उकळतं. आयसोब्युटेन उणे १२ च्या जवळ, प्रोपेन उणे ४२ ला. फिरवायच्या डब्यांत बहुतेक यांचं मिश्रण असतं. सह्याद्रीत डिसेंबरच्या पहाटे ८-१० अंश असतात, तेव्हा ब्युटेन चालेल असं वाटतं. पण गॅस बाहेर पडताना डबा स्वतः थंड होत जातो. दहा मिनिटं मोठी आच ठेवली की डब्यावर दव जमतं आणि ज्योत बसते. गॅस संपलेला नसतो, दाब पडलेला असतो. डबा हाताला सोसवेल इतक्या कोमट पाण्याच्या ताटात ठेवा, ज्योत परत येते. उकळतं पाणी कधीच नाही. रात्री डबा झोळीत उघडा न ठेवता कपड्यांत गुंडाळा. हिमालयात बर्फात जाणार असाल तर लांब डबा घरीच ठेवा.

जोडताना पेच आधी हाताने पुसा. वाळूचा कण अडकला तर रबरी कडं नीट बसत नाही. हाताने घट्ट होईल इतकंच फिरवा, पक्कड लावून आवळलं तर तेच कडं चिरडतं. मग साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर पेटवायचं नाही.

पितळी_पंप

कुकरबद्दल. त्याच्यावर धान्य-डाळीला निम्म्यापर्यंतच भरण्याची मर्यादा आहे. तुमचं धान्य आणि पाणी मिळून दोन लिटरच्या आसपास जातं, म्हणजे चार-पाच लिटरचा कुकर हवा. तो एवढ्या वजनाचा की वाचलेल्या गॅसपेक्षा जास्तच ओझं. दीड-दोन लिटरचा कुकर दोघांपुरता. त्यात जास्त कोंबलं तर डाळीचा फेस शिटीच्या नळीत अडकतो, आणि ते धोक्याचं आहे.

तेराशे-चौदाशे मीटरवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. तूरडाळ उघड्या भांड्यात तिथे तासभर शिजवत बसाल. मूग आणि मसूर यांना कुकर लागत नाही. डाळ घरी कोरडी भाजून न्या, तांदूळ धुऊन सावलीत वाळवून न्या. गडावर धुवायचं पाणी वाचतं. पोचल्यावर दोन्ही अर्धा तास भिजत घाला.

मग गॅस वाचवायची खरी युक्ती: फोडणी, धान्य, सगळं पाणी, झाकण. उकळी आली की मंद आचेवर बारा मिनिटं, दोनदा तळापासून ढवळून. मग ज्योत बंद. टोप झोपायच्या चटईच्या तुकड्यावर ठेवा, वरून टॉवेल आणि गाडीच्या काचेला लावतात तो चंदेरी पडदा गुंडाळा. पंधरा-वीस मिनिटांत उरलेलं आपोआप शिजतं आणि बुडाला लागत नाही. झाकण मध्ये उघडू नका.

जुन्या पितळी पंपाच्या स्टोव्हबद्दल कोणी विचारेल म्हणून सांगतो: वाऱ्यात आणि थंडीत तो अजूनही दमदार, पण रॉकेल मिळवणं अवघड, आणि पेटवण्याआधी बर्नर तापवायला त्याखालच्या वाटीत स्पिरिट लागतं. स्पिरिटच्या छोट्या स्टोव्हमध्ये ग्रॅमामागे गॅसच्या निम्म्याच्या जरा वर उष्णता. दिवसा त्याची ज्योत दिसतही नाही, म्हणून विझलाय समजून वरून ओतण्याचा धोका मोठा. घनरूप इंधनाच्या वड्या अडीअडचणीला एका मगापुरत्या, भांड्याला चिकट काजळी धरते.

माथेफिरस्ती

मला मात्र डब्यावरच्या छोट्या बर्नरला इतकं मोडीत काढणं पटलं नाही. चौघांत दीड लिटरचे दोन टोप आणि दोन छोटे बर्नर नेले तर मनोरा बुटका राहतो, एकावर चहा आणि दुसऱ्यावर खिचडी चढवता येते, एक बिघडला तर दुसरा आहे, आणि वजन दोघांत वाटलं जातं. दोन हप्त्यांत खिचडी करायची तयारी हवी, एवढंच.

निळी_ज्योत

मुद्दा बरोबर आहे, विशेषतः बिघाडाबद्दल. पण दोन भांडी, दोन ज्योती म्हणजे कडेने जाणारी उष्णताही दुप्पट. वारा असेल तर तुमच्या पद्धतीला तिसरा डबा लागेल. आणि दोन्ही बर्नर शेजारी ठेवू नका, एकाची धग दुसऱ्याच्या डब्याला लागते.

सांडशी

अजून काही, जे दुकानदार सांगत नाही.

रतनगड आणि हरिश्चंद्रगड दोन्ही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका पोचेल अशी आग पेटवणं गुन्हा आहे. शेकोटी आणि तीन दगडांची चूल विसरा. मुक्कामाची आणि गॅस स्टोव्हची परवानगी नाक्यावरच विचारून घ्या. डिसेंबरात गवत पूर्ण वाळलेलं असतं. स्टोव्ह उघड्या कातळावर लावा, नाहीतर भोवतीचं मीटरभर गवत हाताने साफ करा. विझेपर्यंत एक माणूस तिथून हलायचं नाही. कोरीव गुहेत किंवा मंदिरात स्वयंपाक नको, आणि तंबूत तर मुळीच नाही: कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो.

गाडी स्वतःची आहे हे बरं. कसारा लोकलने गॅसचे डबे नेता येत नाहीत, रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली शिक्षा आहे. विमानातही नाही, ना हातातल्या सामानात ना खालच्या.

बर्नरच्या खटक्यावर विसंबू नका, दमट हवेत ठिणगी पडत नाही. लायटर आणि प्लास्टिकच्या पिशवीत काडेपेटी दोन्ही घ्या. हरिश्चंद्रगडावर सुट्टीच्या दिवसांत स्थानिक मंडळींकडे पिठलं-भाकरी मिळते. दुसऱ्या रात्री ती घेतलीत तर एक डबा जवळजवळ भरलेला परत येईल.

नवा डबा घरच्या वजनकाट्यावर ठेवून वजन मार्करने त्याच्यावरच लिहा. परतल्यावर पुन्हा तोला, फरक म्हणजे वापरलेला गॅस. पुढच्या वेळी अंदाजाने न्यायची गरज नाही. रिकामे डबे खाली आणा, आगीत टाकू नका, आणि गॅस पूर्ण संपल्याशिवाय भोक पाडू नका.