कालाहारीवरची प्रवासवर्णनं कितपत खरी मानायची?

रानवाट: लॉरेन्स व्हॅन डर पोस्टचं आफ्रिकेच्या दक्षिणेतल्या कालाहारी वाळवंटावरचं १९५८ चं पुस्तक कालच संपवलं, तिथल्या मूळच्या शिकारी सॅन लोकांबद्दल इतकं जीव तोडून लिहिलंय की डोक्यातून जात नाहीये. पण २००१ मध्ये आलेल्या त्याच्या चरित्रात म्हणे त्याच्या कितीतरी थापा उघड केल्यात. मग वाळवंटातलं काय खरं धरायचं?

पुस्तकवेडी: निसर्गाचं वर्णन खुशाल वाचा, पण 'हरवलेली आदिम माणसं' हे त्याचं चित्र अजिबात पटत नाही. तेव्हा कित्येक सॅन गोऱ्यांच्या फार्मवर राबत होते, ते कुठे हरवले होते?

वाळूघड्याळ: मला सॅन लोकांत राहिलेला मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड ली जास्त खरा वाटतो. ख्रिसमसला त्याने तिथल्या सगळ्यांसाठी चांगला धष्टपुष्ट बैल घेतला तर जो तो येऊन म्हणे, असली हाडं कशाला आणलीस, याने पोट कसं भरणार! बिचारा पार हिरमुसला. नंतर कळलं की मोठी शिकार आणणाऱ्यालाही ते असंच बोलतात, माणूस गर्वाने चढू नये म्हणून. स्वतःची ही फजिती त्याने १९६९ मध्ये छापली, आणि त्यात सॅन माणसं लेखकावर हसतात, वाद घालतात, अगदी समोर बसल्यासारखी वाटतात.

पुस्तकवेडी: अगदी! आणि २००६ मध्ये सॅनपैकीच काही लोकांनी बोट्स्वानाच्या हायकोर्टात आपल्या जमिनीवर परतायची केस जिंकली, तेही वाचा रानवाट.