लग्नासाठी छायाचित्रकार निवडताना नेमके काय तपासावे?

प्रश्न
धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी छायाचित्रकार ठरवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. समारंभ संध्याकाळचा असून तो बंदिस्त सभागृहात होणार आहे. आतापर्यंत तिघांचे काम पाहिले. तिघांनीही इन्स्टाग्रामवर टाकलेली छायाचित्रे इतकी देखणी आहेत की त्यांवरून डावे-उजवे करणे मला जमत नाही. दरांत मात्र बराच फरक आहे, आणि तो कशामुळे असे विचारले की ‘आमची क्वालिटी वेगळी’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. छायाचित्रणातले फारसे न कळणाऱ्या माणसाने काय पाहावे, काय विचारावे आणि लेखी काय घ्यावे?

उत्तर १
मी याच व्यवसायात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. इन्स्टाग्रामवर दिसतात ती अनेक लग्नांतून वेचलेली मोजकी छायाचित्रे असतात, त्यामुळे त्यांवरून त्या माणसाचा सर्वोत्तम क्षण कळतो, सरासरी काम कळत नाही. प्रत्येकाकडे एकाच लग्नाचा, ग्राहकाला दिलेला संपूर्ण संच पाहायला मागा, आणि तो शक्यतो तुमच्यासारख्याच, संध्याकाळी बंदिस्त सभागृहात झालेल्या लग्नाचा असावा. बागेत, उतरत्या उन्हात चांगले छायाचित्र काढणे तुलनेने सोपे असते. खरी परीक्षा होते ती अपुऱ्या प्रकाशात, जिथे छताचे दिवे पिवळे, रंगमंचावरचे एलईडी निळे-जांभळे आणि माणसे सतत हलती असतात. त्या संचात चेहऱ्यांवर रंगीत छटा पसरली आहे का, हलत्या प्रसंगांत चेहरे पुसट झाले आहेत का, पांढऱ्या कपड्यांवरची नक्षी दिसते की तिथे नुसता पांढरा डाग उरला आहे, आणि फ्लॅश थेट तोंडावर मारल्यामुळे मागे गडद सावल्या पडल्या आहेत का, एवढे पाहिले तरी बरेच कळते. त्यासाठी तांत्रिक ज्ञान लागत नाही.

साधनांविषयी दोनच प्रश्न पुरेत. कॅमेरा एकाच वेळी दोन मेमरी कार्डांवर नोंद करतो का, आणि सोबत दुसरा कॅमेरा असतो का? कार्ड ऐनवेळी बिघडू शकते आणि लग्न पुन्हा लावता येत नाही. लेन्सविषयी विचारायचेच असेल तर इतके लक्षात ठेवा की लेन्सचे छिद्र किती उघडते ते ‘एफ’च्या आकड्याने सांगतात, आकडा लहान तितके छिद्र मोठे, आणि एफ/४ च्या तुलनेत एफ/२ वर चौपट प्रकाश आत येतो. अंधाऱ्या सभागृहात हा फरक मोठा ठरतो.

उत्तर २
वरील मुद्दे योग्यच आहेत, परंतु वाद उद्भवतात ते बहुधा करारावरून. आमच्या घरच्या लग्नात ज्यांचे काम पाहून इसार दिला, ते स्वतः आलेच नाहीत. त्यांनी साहाय्यकाला पाठवले आणि लेखी काही नसल्याने आम्हाला बोलता आले नाही. म्हणून प्रत्यक्ष कोण येणार त्याचे नाव, आणि तो आजारी पडल्यास बदली कोण, हे करारात असलेच पाहिजे. याशिवाय किती तास काम करणार, जास्तीच्या तासांचा दर, संपादित छायाचित्रांची किमान संख्या, ती देण्याची तारीख, अल्बमची पाने, आणि समारंभ पुढे ढकलल्यास इसाराचे काय होणार, हेही लिहून घ्यावे. पूर्ण रक्कम आधी देऊ नये. शेवटचा हप्ता छायाचित्रे हाती आल्यावर द्यावा.

छायाचित्रे ते जाहिरातीसाठी वापरणार असतील तर तुमची संमती लागेल, असे कलम आवर्जून घाला. हक्कांचा कायदा देशागणिक वेगळा असतो, त्यामुळे तोंडी गृहीत धरण्यात अर्थ नाही.

उत्तर ३
कॅमेऱ्याच्या चौकशीत मी फार वेळ घालवणार नाही. लग्नाच्या दिवशी वधूच्या सर्वांत जवळ बराच वेळ हाच माणूस वावरणार आहे, तेव्हा तुमच्या बहिणीने त्याच्याशी एकदा प्रत्यक्ष बोलावे आणि तिला अवघडल्यासारखे वाटले तर तो कितीही नावाजलेला असला तरी नाकारावा. गटछायाचित्रांची यादी मात्र तुम्हीच करा. कोणते आजोबा कोणाचे, हे त्याला कसे कळणार? ती यादी सर्व नातेवाइकांना ओळखणाऱ्या एखाद्या भावंडाच्या हाती द्या.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. एक शंका राहिली आहे. तिघांपैकी एकाने रॉ फाइल देणार नाही असे स्पष्ट सांगितले. यात काही गैर आहे का?

उत्तर १
गैर नाही, बहुतेक जण देत नाहीत. रॉ ही कच्ची नोंद असते. १४ बिटांच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पातळ्या असतात, तर नेहमीच्या जेपेगमध्ये २५६, आणि या जास्तीच्या माहितीतूनच आम्ही रंग व उजेड सुधारतो. संपादनाशिवाय ती फिकी दिसते, आणि तशीच लोकांपर्यंत गेली तर नाव आमचे खराब होते. तुम्ही त्याऐवजी संपादित जेपेग पूर्ण आकारात, वॉटरमार्कशिवाय मागा, आणि मूळ फाइल्स तो किती महिने जपून ठेवणार ते करारात लिहून घ्या, म्हणजे एखादे छायाचित्र नव्याने संपादित करून हवे असल्यास मागता येईल.