लॉगिंगची लायब्ररी ‘पाच सेकंदांत’ काढणाऱ्यांसाठी

खटपट्या: काल एकाने लोगुरूबद्दल (पायथनमध्ये लॉग, म्हणजे प्रोग्रामने काय केलं त्याच्या नोंदी, लिहिणारी लायब्ररी) लिहिलं, "लोगुरू आवडलं नाही तर काय बिघडलं? पिप इन्स्टॉल लोगुरू, नको वाटलं की पिप अनइन्स्टॉल लोगुरू. पाच सेकंदांचा खेळ." पिप म्हणजे पायथनची पॅकेजं टाकायचं-काढायचं टूल. डोकंच उठलं, म्हणून हा धागा. विंडोजवर लोगुरूसोबत कोलोरामा आणि विन३२-सेटसीटाइम ही त्याला लागणारी दोन पॅकेजं येतात. लोगुरू गेलं तरी ही दोघं मुक्कामाला. जावास्क्रिप्टवाल्यांचं एनपीएम अनइन्स्टॉल बघा, दुसऱ्या कुणाला लागत नसलेलं सगळं सोबत नेतं. इथे रिक्वायरमेंट्स फाइलमधली (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजांची यादी) ओळसुद्धा हातानेच खोडायची. विसरलात तर पुढच्या डिप्लॉयला (कोड सर्व्हरवर चढवताना) लायब्ररी परत हजर.

दोन_ओळी: तो ‘एकजण’ मीच, नाव घ्या की. राहिली दोन पॅकेजं तर राहिली, जेवायला मागतात का? विंडोजवर पायटेस्टलाही (चाचण्या चालवणारं टूल) कोलोरामा लागतं. पिपने ते परस्पर उडवलं असतं तर पहिली बोंब तुमचीच.

खटपट्या: उगाच काहीही. पिप शो कोलोरामा म्हणा, ‘रिक्वायर्ड-बाय’, म्हणजे ते कुणाकुणाला लागतं, समोर येतं. कुठलं पॅकेज तुम्ही मागितलं आणि कुठलं ओढलं गेलं, याचीही नोंद पिप ‘रिक्वेस्टेड’ नावाच्या फाइलने ठेवतो. सगळं ठाऊक असून हात बांधून बसलाय.

जुनं_ते_सोनं: मुळात टाकायचं कशाला? लॉगिंग नावाचं मॉड्यूल २००३ पासून, पायथन २.३ पासून, भाषेसोबतच येतं. आमच्याकडच्या एका नव्या मुलाने तेही ‘पिप इन्स्टॉल लॉगिंग’ करून आणलं! ते पायथन २ च्या जमान्यातलं पॅकेज, पायथन ३ वर सिंटॅक्स एरर देतं. पोरगं दिवसभर पायथनच परत परत टाकत होतं. रंगीत ओळींच्या हौसेपायी ही पिढी...

दोन_ओळी: तुमच्या सोन्यातलं बेसिककॉन्फिग (लॉगिंगची मांडणी लावणारं फंक्शन) दुसऱ्यांदा बोलावलं तर मुकाट काहीच करत नाही. जुनी मांडणी मोडून नवी लावणारा ‘फोर्स’ यायला पायथन ३.८ उजाडलं. आणि पिढी काढू नका.

सर्व्हरताई: लोगुरू व्हेन्व्हमध्ये (प्रोजेक्टपुरता वेगळा कप्पा) टाकलं होतंत की सुडो पिप, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने थेट सिस्टमवर? आधी ते सांगा.

दोन_ओळी: माझं मशीन, माझा सुडो.

सर्व्हरताई: हेच ऐकायचं होतं. अशाच एका महाशयांनी सुडो पिपने लॉग दूर पाठवणारं पॅकेज टाकलं. त्याने रिक्वेस्ट्स या लायब्ररीची दुसरी आवृत्ती ओढली आणि ॲप्टने (डेबियन लिनक्सचं पॅकेज टूल) बसवलेलं आमचं टूल उठेना. महाशय रजेवर, रात्र माझी. डेबियन १२ पासून पिप ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून अडवतो, ते अशांसाठीच.

दोन_ओळी: त्यावर ‘ब्रेक सिस्टम पॅकेजेस’ हा पर्याय आहे ना.

सर्व्हरताई: नावातच लिहिलंय काय होणार ते! आणखी काय, ढोल वाजवून सांगायचं?

दोन_ओळी: ताई, ओरडू नका. कंटेनरमध्ये (ॲपपुरता वेगळा डबा) कोण व्हेन्व्ह करतं? बिघडला की फेकला.

सर्व्हरताई: कंटेनर ज्या साच्यातून बनतो त्या डेबियनच्या इमेजवर ॲप्टचं पायथन असेल तर तिथेही तीच एरर येते. पायथनची अधिकृत इमेज घेतलीत तर अडवत नाही, एवढं देते तुम्हाला. खूश?

जारवाला: पायथनवाल्यांनो, तुमचं दुःख गोड आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेचं (जावाची लॉगिंग लायब्ररी) सुरक्षेचं भोक उघडं पडलं, तेव्हा पॅच बसवेपर्यंत आम्ही झिपच्या कमांडने जारमधून (जावाची झिपसारखी फाइल) जेएनडीआय-लुकअपचा, म्हणजे जिथे भोक होतं तो, क्लास उपसत होतो. २.१५ आली, लगेच २.१६, मग २.१७. जार दुसऱ्या जारच्या पोटात असेल तर शोधत बसा.

जुनं_ते_सोनं: जावा कुणी विचारलं होतं?

दोन_ओळी: बरं, खटपट्याराव, माझं वाक्य असं वाचा: काढायला पाच सेकंद, बाकीच्यावर धागा. समाधान? मी आता पिपऐवजी यूव्ही हे टूल वापरतो. यूव्ही रिमूव्ह म्हटलं की पायप्रोजेक्ट या यादीच्या फाइलमधली ओळ जाते, ओढून आलेलीही जातात.

खटपट्या: म्हणजे मी म्हणत होतो तेच करणारं टूल तुम्ही वापरता आणि भांडता पिपच्या बाजूने. धन्य आहे. कोडमधले इम्पोर्ट (लायब्ररी बोलावणाऱ्या ओळी) तेवढे ग्रेपने, म्हणजे मजकूर शोधायच्या कमांडने, शोधा, ते यूव्हीसुद्धा काढत नाही.