फौजदारी ‘कोर्ट कॉस्ट’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा
टेक्सासमधल्या कायद्यावरच्या एका टिपणाचं भाषांतर करतेय. ज्या गुन्ह्यांना तिथे फक्त दंडाची शिक्षा आहे, त्यांत दोषी ठरलेल्याला दंडाशिवाय ‘कोर्ट कॉस्ट’ भरावी लागते. १ जानेवारी २०२० पासून ती राज्यासाठी ६२ डॉलर आणि स्थानिक संस्थेसाठी १४ डॉलर आहे. या १४ पैकी ५ डॉलर मुलांची शाळेतली गैरहजेरी रोखायला आणि त्यांना कोर्टापासून लांब ठेवायला वापरतात. मी ‘न्यायालय शुल्कात वाढ करून बालगुन्हेगारी प्रतिबंध’ असं लिहिलंय, पण वाचताना खटकतंय.

प्रतिसाद
ताई, खटकणारच. आपल्याकडे न्यायालय शुल्क मुख्यतः दाद मागणारा भरतो. वकीलपत्रावर तिकीट लागतं, दाव्याच्या रकमेवर स्टँप लागतो. महाराष्ट्रात २०१८ साली या शुल्काची कमाल मर्यादा ३ लाखांवरून १० लाखांवर नेली, तीही दावा लावणाऱ्यांसाठीच. तुमचं वाक्य वाचून लोकांना वाटेल की फिर्याद द्यायला आता जास्त पैसे मोजावे लागणार. म्हणजे अर्थ पार उलटाच झाला.

‘खर्च’ही नको. ‘दावा खर्चासह मंजूर’ यातला खर्च जिंकलेल्या पक्षाला मिळतो, सरकारी निधीत जात नाही.

प्रतिसाद
मग ‘आकार’ कसा वाटतो? वीजबिलात स्थिर आकार, वहन आकार असतोच की. रक्कमही ठरलेली आहे.

प्रतिसाद
दादा, मला ‘आकार’ पटत नाही. वीज वापरली म्हणून आकार देतो. सिग्नल मोडला म्हणून ज्याला कोर्टात उभं केलं, त्याने कसली सेवा मागितली होती? दंडावर किमान ७६ डॉलर जास्तीचे पडतात, आणि रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाला ते जड जातात. मुलांसाठीचं काम चांगलंच आहे, पण ते सगळ्यांच्या करातून व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. ‘आकार’ या शब्दाने हा भार झाकला जातो. ‘भुर्दंड’ म्हटलं तर ते भाषांतरकाराचं मत होईल. ‘अधिभार’ म्हणा. तो बऱ्याचदा टक्क्यांत असतो हे खरं, तरी मूळ रकमेवर वरून घातलेला बोजा हा अर्थ त्यातून थेट पोचतो. ‘दोषी ठरलेल्यांवरचा न्यायालयीन अधिभार’ असं पूर्ण लिहा, म्हणजे पैसे कोण भरतो तेही कळेल.

प्रतिसाद
‘प्रतिबंध’ शब्दाचंही बघा. पोलिसांच्या भाषेत ‘प्रतिबंधक कारवाई’ म्हणजे शांतता राखण्याची नोटीस, चांगल्या वर्तणुकीचा बाँड. वाचकाला वाटेल, पोरांना चौकीवर बोलावणार.

शिवाय ‘बालगुन्हेगारी’ कशाला? २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार आपल्याकडे अशा मुलाला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात, पण इथे तेही लागू नाही. टेक्सासने २०१५ सालीच शाळेची गैरहजेरी गुन्ह्यांतून वगळली आहे. ज्या मुलाने गुन्हाच केलेला नाही, त्याच्या नावाला गुन्हेगारी का चिकटवायची? ‘शाळाबाह्य’ही नाही, कारण मूल शाळेत अजून येतं, मधूनमधून दांडी मारतं. सरळ ‘शाळेला वारंवार दांडी मारणारी मुलं’ लिहा.

विचारणा
सगळ्यांचे आभार. ‘दोषी ठरलेल्यांवरचा न्यायालयीन अधिभार वाढवून शाळेला वारंवार दांडी मारणाऱ्या मुलांसाठी निधी’ असं करते. त्या निधीला ‘बाल न्याय निधी’ म्हटलं तर? आणि त्यातून ज्याचा पगार होतो, त्या मुलांच्या मागे लागून राहणाऱ्या माणसाला ‘परिविक्षा अधिकारी’ (प्रोबेशन ऑफिसर) चालेल का?

प्रतिसाद
दोन्ही नकोत. आपल्या बाल न्याय कायद्याच्या कलम १०५ मधला बाल न्याय निधी स्वेच्छेने दिलेल्या देणग्या-वर्गण्यांचा आहे. हा सक्तीने वसूल केलेला. आणि परिविक्षा अधिकारी मुलाकडे येतो तो पोलिसांनी मुलाला गुन्ह्यात ताब्यात घेतल्यावर. तुमचा माणूस त्याच्या आधीच मुलाच्या घरी आणि शाळेत जाऊन बोलतो. त्याला ‘मुलांचा पाठपुरावा करणारा कर्मचारी’ म्हणा. लांबलचक झालं तरी चालेल.