वडील गेले त्या वर्षी पाडव्याची वही वाचावी का? आणि दिवस बदलावा का?

ओसरी :

नमस्कार. आमच्या घरी गुढीपाडव्याच्या दुपारी जेवणे आटोपल्यावर सरत्या वर्षाची वही वाचण्याची पद्धत आहे. सकाळी गुढी उभारून झाली, कडुनिंबाची कोवळी पाने, गूळ, ओवा, हिंग आणि चिंच यांची चटणी सर्वांच्या हातावर पडली, की बाबा पंचांगातील संवत्सरफल वाचत. ते येणाऱ्या वर्षाचे. दुपारची वही मात्र झालेल्या वर्षाची असे. लाल कापडी बांधणीच्या त्या वहीत घरातील प्रत्येकाने स्वतःच्या अक्षरात वर्षातील चार ठळक गोष्टी लिहायच्या, मग सर्वांसमोर त्या वाचायच्या आणि दुसऱ्याच्या लिखाणात कोणीही दुरुस्ती सुचवायची नाही, एवढेच नियम. बाबांनी ती शके १९०९, म्हणजे १९८७ साली प्रभव संवत्सरात सुरू केली, कारण साठ संवत्सरांचे चक्र प्रभवापासून सुरू होते आणि शके १९६८ मधील क्षय संवत्सरापर्यंत एक पूर्ण चक्र घरात लिहिले जावे, अशी त्यांची इच्छा होती.

गेल्या आश्विनात बाबा गेले. येत्या १९ मार्चला विश्वावसू संवत्सर संपून शके १९४८, पराभव संवत्सर सुरू होईल. वर्षभर सण करायचे नाहीत, तेव्हा वहीही नको, असे आईचे म्हणणे आहे. धाकटी बहीण टोरांटोला असते; हा कार्यक्रम दिवाळीत किंवा ३१ डिसेंबरला ठेवल्यास तिलाही सहभागी होता येईल, असे तिला वाटते. आईचे मन न दुखावता वही चालू ठेवायची आहे. आपल्या घरी अशी काही रीत असेल, तर काय करता ते कृपया सविस्तर सांगावे.

वऱ्हाडवाट :

ताई, बाबांबद्दल वाचून वाईट वाटले. आम्ही यवतमाळकडचे शेतकरी असल्यामुळे माझे मत पाडव्याच्याच बाजूने आहे आणि त्याला कारण आहे. आमच्याकडे सालगड्याचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, साल पाडव्याला संपते आणि पाडव्यालाच नवे ठरते. त्या दिवशी घरातील मोठी माणसे आणि सालगडी समोरासमोर बसून वर्षभराची उचल, धान्य, कपडे, आजारपणाला दिलेले पैसे असे सगळे मोजून मोकळे होतात. पाडव्यापर्यंत सोयाबीन विकलेले असते, कापसाची वेचणी संपलेली असते, तूर घरात आलेली असते, गहू-हरभराही निघालेला असतो. दिवाळीला निम्मा कापूस अजून झाडावरच असतो, त्यामुळे वर्ष कसे गेले हे त्या वेळी कोणालाच सांगता येत नाही.

माझे वडील गेले त्या वर्षी आम्ही गुढी उभारली नाही, गोडधोडही केले नाही. हिशेबाला मात्र नेहमीप्रमाणे बसलो, कारण ज्याने वर्षभर आपल्या शेतात राबून घाम गाळला, त्याचा हिशेब आपल्या सुतकासाठी थांबवणे आम्हाला बरोबर वाटले नाही. वडिलांनी त्याला दिलेली शेवटची उचल त्यांच्याच अक्षरात वहीत होती. ती त्यानेच आम्हाला दाखवली आणि कशासाठी घेतली होती तेही सांगितले. त्याच्या मुलीचे लग्न होते. वडिलांनी आम्हाला त्याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता.

पेठेतले दुकान :

आमचे घराणे किराणा व्यापारातले, त्यामुळे आमचे वर्ष दिवाळीचे. लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांवर ‘शुभ-लाभ’ लिहून पूजा करायची आणि दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, सुरू करायची, ही रीत आजोबांपासून आहे. आयकरासाठी १९८९ पासून सर्वांचेच वर्ष मार्चअखेरचे झाले, आता हिशेब संगणकावर असतो, तरी पूजेला एक कोरी वही लागतेच. पूर्वी पूजा झाल्यावर ती वही तशीच पडून राहत असे. आता आम्ही तीत घराचे टिपण ठेवतो : कोणाचे लग्न झाले, कोणाची शाळा बदलली, कोणाकडून उसने घेतले आणि कधी फेडले.

तेव्हा दिवाळीही अशुभ किंवा परकी नाही. तरीही, ज्या माणसाने प्रभवापासून मोजणी सुरू केली, त्याच्या वहीचे वर्ष मध्येच तोडू नये, असे मला वाटते. ३१ डिसेंबर तर मुळीच नको. त्या रात्री मुलांचे लक्ष दुसरीकडे असते.

सांजवात :

ताई, आईंच्या म्हणण्याचा मान राखूनच लिहिते. वर्षभर सण न करण्यामागे आनंदाचा सोहळा टाळावा हा विचार आहे. वही वाचणे हा सोहळा नव्हे. गुढी, पक्वान्न, नवे कपडे हे सारे खुशाल वगळावे, वही मात्र वाचावी. फक्त तो निर्णय आईंच्या तोंडून यावा.

त्यासाठी एक मार्ग सुचवते. आता संपणारे विश्वावसू संवत्सर याआधी साठ वर्षांपूर्वी, शके १८८७ मध्ये, म्हणजे १९६५-६६ साली आले होते. तुमच्या आई तेव्हा लहान मुलगी किंवा शाळकरी असतील. तेच वर्ष सप्टेंबरमधील भारत-पाक युद्धाचे, धान्यटंचाईचे आणि लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याच्या केलेल्या आवाहनाचे. ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदमध्ये शास्त्रीजी गेले. माझ्या आईला मी त्या वर्षाबद्दल विचारले, तेव्हा सोमवारी रात्री चूल न पेटवणारी तिची आजी, रेशनच्या दुकानात मिळणारी मिलो नावाची तांबूस ज्वारी आणि तिच्या भाकरीला घरातल्या पोरांनी मुरडलेली नाकेही तिला जशीच्या तशी आठवली. हे सारे तिने आम्हाला पूर्वी कधीच सांगितले नव्हते. तुमची वही १९८७ पासूनची आहे, तिच्या मागचे वर्ष फक्त आईंकडे आहे. ते त्यांनी सांगावे आणि नातवंडांपैकी कोणीतरी लिहून घ्यावे, म्हणजे वाचनाला सुरुवात त्यांच्यापासून होईल आणि त्या बाजूला बसून राहणार नाहीत.

बाबांच्या वाट्याचे पान कोणी त्यांच्या वतीने ‘मी’ म्हणून लिहू नये, एवढे आवर्जून सांगते. त्याऐवजी चैत्र ते आश्विन त्यांनी काय केले, हे प्रत्येकाने आपल्या नावाने लिहावे. आजारपणही तारखांसह लिहावे : त्रास कधी सुरू झाला, निदान काय झाले, कोणती औषधे होती. आमच्या सासऱ्यांच्या हृदयविकाराची अशी नोंद होती म्हणून पुढे दिरांच्या छातीत दुखू लागले तेव्हा डॉक्टरांना घराण्याचा इतिहास नेमका सांगता आला.

सातासमुद्रापार :

मीही कॅनडातच राहतो, म्हणून केवळ बहिणीपुरते लिहितो. १९ मार्चला गुरुवार आहे. तुमच्याकडे दुपारचे तीन वाजतात तेव्हा टोरांटोला पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, आणि त्यानंतर तिला कामावर जायचे असणार. पाडव्याच्या दिवशी आईंच्या उपस्थितीत आपापली पाने लिहून ठेवावीत आणि वाचन रविवारी, २२ मार्चला संध्याकाळी सात वाजता करावे, म्हणजे तिच्याकडे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतील. अशाने बाबांनी ठरवलेला पाडव्याचा दिवसही सांभाळला जाईल. तिने आपले पान तिथेच कागदावर शाईने लिहून टपालाने आधीच पाठवावे. टपालाला वेळ लागतो, म्हणून फेब्रुवारीतच पाठवलेले बरे. मार्चमध्ये काही विशेष घडले, तर त्यासाठी पुढच्या वर्षीचे पान आहेच.

ओसरी :

सर्वांची मनापासून आभारी आहे. सांजवातताई, आज दुपारी आईला १९६५ बद्दल विचारले. ती त्या वेळी सातारा जिल्ह्यात मामाकडे शिकायला होती, हे मला आजवर ठाऊकच नव्हते. वही वाचायची की नाही, यावर ती अजून काही बोललेली नाही, पण मामाच्या घराबद्दल संध्याकाळपर्यंत सांगत होती. बहिणीला पान पाठवायला कळवले आहे.