तरवड की शेवरी?
पाने संयुक्त (एका देठावर अनेक छोट्या पर्णिका असलेली) आणि फुले पिवळी आहेत, एवढ्यावरून एखादे झुडूप तरवडाचे असावे, हे मत मला पटत नाही, कारण हे दोन्ही गुण शेवरी या दुसऱ्या झुडपातही आढळतात. निर्णय फुलाच्या घडणीवरून करावा: तरवडाच्या पाच पाकळ्या सुट्या आणि जवळजवळ सारख्या असतात, तर शेवरीचे फूल वाटाण्याच्या फुलासारखे असून त्याच्या मोठ्या पाकळीवर बहुधा जांभळट ठिपके असतात.

फुले नसतील, तर पानाच्या देठाच्या बुडाशी पाहावे. तेथे कानाच्या पाळीसारखी, सहसा न गळणारी मोठी उपपर्णे (देठाच्या बुडाशी येणारी पानासारखी अंगे) असली, तर मात्र तो तरवडच. शेंगा धरल्यावर शंका उरत नाही: तरवडाची शेंग चपटी, शेवरीची सुतळीसारखी बारीक आणि लांब.